लेणं अंगावरचं, लेणं अंगातलं



आमच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी वडिलांच्या दुकानाच्या ओट्यावर तान्ह्या मुलांच्या आया बसलेल्या असत. वडील सोनार. मूल मामाच्या मांडीवर. मामा आलेला नसेल तर ज्याला मामा म्हणता येईल अशा कुणाच्या तरी. वडील दोन्ही कानांच्या पाळ्यांवर काजळाचा ठिपका ठेवायचे, हातभर मागे सरायचे आणि ठिपके एका ओळीत आलेत ना, ते डोळे बारीक करून पाहायचे. सोन्याची बारीक तार आधीच जंतरातून ओढून ठेवलेली असे. तिचं एक टोक कानशीनं घासून सुईसारखं केलेलं. ते टोक ठिपक्यातून आरपार जाई. मूल किंचाळे, आणि त्याचं रडं टिपेला पोचायच्या आत तारेची दोन्ही टोकं एकमेकांत अडकून तिची बाळी झालेली असे. वर हळद आणि कोमट खोबरेल.

पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी हे पाहत होते. भोक पाडायचं हत्यार वेगळं आणि दागिना वेगळा असतो, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे जी तार टोचायची तीच कानात राहायची. पुढे कलाशाळेत धातुकाम शिकले, शिकवलं, देशोदेशींच्या कलावंतांचं काम पाहिलं. आज साठी ओलांडल्यावर तुमच्यापुढे जे सांगणार आहे, त्याचं मूळ मात्र त्या ओट्यावरच आहे. अंगावर वागवायच्या ज्या कलेनं मला आतून हलवलं, तिच्यात टोचणारी तार आणि मिरवायची बाळी एकच होती. जिथं या दोन गोष्टी सुट्या झाल्या, तिथं काम कितीही देखणं असो, माझं मन तिथं फार वेळ थांबलं नाही.

सोनारानंच कान टोचावेत, असं आपण म्हणतो आणि योग्य माणसानंच समज द्यावी एवढाच अर्थ घेतो. आमच्या घरी ती म्हण शब्दशः खरी होती. तांब्या-पितळेची तार घातली तर भोक चिघळतं, सोन्याची घातली तर सहसा चिघळत नाही, हे सोनाराला ठाऊक असतं. शिवाय त्याला पुढचंही दिसत असतं. आज या पाळीत गुंजभर तार जाते आहे, उद्या हिच्यात कुडी येणार, परवा लग्नात झुबे. ते वजन पेलायला भोक किती वर हवं, हे त्याला आजच ठरवावं लागतं. म्हणजे दागिन्याचं रेखाटन कागदावर होण्याआधी वीस वर्षं कानावर झालेलं असतं.

मराठीत दागिन्याला लेणं म्हणतात. काजळ लेतात, कुंकू लेतात. आणि अजिंठ्याला डोंगरात कोरलेली तीही लेणीच. हे दोन शब्द वेगवेगळ्या मुळांतून आलेले आहेत, तरी एकाच उच्चारावर येऊन थांबले, याचा मला लहानपणापासून आनंद वाटत आला आहे. डोंगराचं लेणं दगड काढून टाकून होतं. कानातलं आणि नाकातलं लेणंही आधी अंगात जागा करून मगच होतं.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी मला आठवीत चित्रकला शिकवली. त्यांचं नाव फलकावर आहे, आणि इथं बसलेल्या निम्म्या लोकांच्या हातात पेन्सिल त्यांनीच दिलेली आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आम्हा मुलींना गृहपाठ दिला: आई, आजी, शेजारच्या काकू, कुणाच्याही अंगावरचं गोंदण कागदावर उतरवून आणा. अट एकच, खोडरबर वापरायचा नाही. गोंदणारणीला खोडता येत नव्हतं, तेव्हा तुम्हीही खोडायचं नाही.

सुट्टी संपल्यावर वर्गात तुळशीवृंदावनं आली, विंचू आले, हनुवटीवरचे तीन ठिपके आले, कुणाच्या मनगटावरचं भावाचं नाव आलं. मी आजीच्या हातावरची तुळस काढली होती. ती काढताना आजीचा हात मी तासभर मांडीवर घेऊन बसले होते. काजळीचा काळा रंग कातडीखाली गेला की वर्षानुवर्षांनी निळसर हिरवा दिसतो आणि रेषेच्या कडा विरघळतात. मला ती विरघळलेली कड पेन्सिलीनं जमेना. आजी म्हणाली, सरळ काढ, मी सात वर्षांची होते तेव्हा सरळच होती. मग पुढे म्हणाली, माझं सोनं सुना वाटून घेतील, हे मात्र माझ्याबरोबर जळेल. ही समजूत एकट्या माझ्या आजीची नव्हे. मरताना सोबत येणारा दागिना गोंदणाचाच, असं देशातल्या कितीतरी समाजांतल्या बायका मानत आल्या. ज्यांच्या वाट्याला सोनं कधी आलंच नाही, त्यांनी तर ते जास्तच घट्ट धरलं.

बाईंच्या त्या गृहपाठाचा खरा अर्थ मला फार वर्षांनी मिथिलेतली चित्रं पाहताना लागला. बिहारमधल्या जितवारपूरला 1970 च्या दशकात एरिका मोझर या जर्मन अभ्यासक बाई गेल्या आणि त्यांनी दुसाध या दलित समाजातल्या बायकांना कागद देऊन चित्रं काढायला सांगितलं. वरच्या जातींच्या घरांतली रंगीत चित्रपरंपरा या बायकांची नव्हती. त्यांच्यातल्या चानो देवींनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं आणि गोदना, म्हणजे गोंदणाच्या आकृत्या कागदावर ओळीनं मांडल्या. पुढे त्याच ओळी साड्यांवर आणि दुपट्ट्यांवर आल्या. कातडीवरून कागदावर, कागदावरून कापडावर, आणि कापड पुन्हा अंगावर, असा तो फेरा आहे. त्या चित्रांत ठिपके आणि रेघा इतक्या शिस्तीत का येतात, ते एकदा गोंदणारणीचा हात पाहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सुई एका वेळी एकच ठिपका देते.

आता मी तुम्हाला जरा मागे नेते, आणि इथं थोडा वेळ काढणार आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्याचा आहे. कारणं दोन दिली आहेत, बालकाचं रक्षण आणि भूषण. मूल सहाव्या-सातव्या महिन्यात असावं, पक्ष शुक्ल असावा, ते दाईच्या मांडीवर बसवावं, खेळण्यानं भुलवावं. वैद्यानं डाव्या हातानं कान ओढून उन्हाकडे धरावा. पाळीत एक जागा अशी असते की तिच्यातून प्रकाश दिसतो. ग्रंथ तिला दैवानं केलेलं छिद्र म्हणतो. तिथंच टोचायचं. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरा. मुलाचा आधी उजवा कान, मुलीचा आधी डावा. मग कापसाची वात घालून ठेवायची आणि दर तीन दिवसांनी ती जाड करत न्यायची. माझे वडील संस्कृत शिकलेले नव्हते, पण मूल उन्हाकडे वळवून घ्यायचे.

हा अध्याय इथं संपत नाही, म्हणून मी तो सांगते आहे. भोक वाढवता वाढवता पाळी फाटते. फाटलेली पाळी जोडायच्या पंधरा रीती ग्रंथात आहेत आणि त्यांची नावं एखाद्या विणकराच्या वहीत शोभतील अशी आहेत: नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, वल्लूरक. त्यातली गंडकर्ण ही रीत गालाचं मांस घेऊन नवी पाळी करण्याची. आणि याच अध्यायाच्या शेवटी, कानाचा विषय चालू असतानाच, कापलेलं नाक पुन्हा करण्याची कृती येते. झाडाचं पान घ्यायचं, नाकाच्या मापाचं. ते गालावर ठेवून तेवढं कातडं सोडवायचं, एका बाजूनं जोडलेलंच ठेवायचं, आणि नाकाच्या जागी बसवून श्वासासाठी दोन नळ्या घालायच्या.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसून राहिले. नवं नाक करण्याची ही विद्या लढाईच्या अध्यायात येत नाही, ती येते कानातल्या डुलाच्या मागोमाग. आधी माणसाला नटायचं होतं. नटण्यापायी कान फाटले, फाटलेले कान शिवता शिवता हात तयार झाला, आणि तयार झालेला हात नाकापर्यंत पोचला. निदान त्या अध्यायाचा क्रम मला असं सांगतो.

आणि ही विद्या पोथीत राहिली नाही, ती आपल्या पुण्याजवळ जिवंत होती. 1792 च्या म्हैसूरच्या लढाईत इंग्रजी फौजेचा काउसजी नावाचा एक बैलगाडीवान टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आलं. वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. त्याचा वृत्तांत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं चित्रासह छापला. मुंबई इलाख्यातले क्रूसो आणि फिंडले हे इंग्रज शल्यवैद्य शस्त्रक्रियेच्या वेळी हजर होते. तो वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्यांनी अभ्यास केला, 1814 मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि 1816 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात ही घटना नेहमी सांगितली जाते.

त्यातली कृती मात्र सोनाराच्या, शिंप्याच्या नजरेनं वाचून पाहा. आधी मेणाचा पातळ पत्रा करायचा आणि उरलेल्या नाकावर दाबून तो चांगल्या नाकासारखा दिसेपर्यंत घडवायचा. मग तो उलगडून सपाट करायचा आणि कपाळावर ठेवून त्याच्याभोवती रेघ मारायची. ज्यांनी घरी परकर-पोलकं बेतलं आहे, त्यांना हे लगेच कळेल. अंगाचा उठाव सपाट करून कापडावर मांडणं, यालाच तर बेतणं म्हणतात. रेघेवरून कपाळाचं कातडं सोडवायचं, दोन्ही भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची म्हणजे रक्त पोचत राहतं, आणि पिळा देऊन ते खाली नाकाच्या जागी आणायचं. कडा बसवायला काय, तर पाण्यात मऊ केलेला कात. आपल्या विड्यातला कात. तो कापडाच्या तुकड्यांना लावून थरावर थर द्यायचे. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेलं कापड. पंचवीस दिवसांच्या सुमारास ती पट्टी कापायची, की नाक सुटं झालं.

हे करणारा माणूस वीट पाडणाऱ्या जातीतला होता, एवढंच त्या वृत्तांतात आहे. काउसजीचं नाव आहे, इंग्रज वैद्यांची नावं आहेत. ज्याच्या हातांनी नाक घडलं त्याचं नाव नाही. मातीत ज्याचा हात मुरला होता, तोच मेणात आणि कातड्यात चालला. मी वर्गात ही गोष्ट दर वर्षी सांगत आले, कारण अंगावर घालायचं काही घडवायला आलेल्या मुलामुलींना आपला पूर्वज कोण, हे ठाऊक असायला हवं.

आणि नाक म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. नाक कापलं जातं, नाक वर करून चालता येतं, घराचं नाक राखायचं असतं. त्या नाकात आपण नथ घातली. गंमत अशी की ही नथ आपल्याला वाटते तेवढी जुनी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी 1930 च्या दशकात नथीच्या प्राचीनतेवर शोधनिबंध लिहिला आणि जुन्या संस्कृत ग्रंथांत नाकातल्या दागिन्याचा पत्ता लागत नाही याकडे लक्ष वेधलं. अजिंठ्याच्या चित्रांतल्या बायका पाहा. कान, गळा, दंड, कंबर भरलेली आहे आणि नाक मोकळं. पण एकदा आल्यावर नथीनं चेहऱ्याचा सगळा तोल बदलला. मराठी नथ नाकपुडीवर येते, ओठाकडे झुकते, बोलताना हलते. बोलणाऱ्या बाईचं तोंड तिला सांभाळावं लागतं. नाकापेक्षा मोती जड, ही म्हण ज्या कुणी प्रथम उच्चारली त्या बाईनं ती कुणाला टोमणा मारण्याआधी नक्कीच स्वतःच्या नाकपुडीवर अनुभवली असणार. कानाचं वजन केसांना अडकवून वाटून घेणारे मोत्यांचे वेल त्याच अनुभवातून आले. आज चापाची नथ मिळते, भोकाची गरज नाही. लग्नाच्या दिवशी घालावी, रात्री डबीत ठेवावी. ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्या मुलीला नाक टोचून घ्यायचं नाही तिची ती सोय आहे, आणि तिच्या नकाराचा मान मी नथीपेक्षा मोठा धरते.

आता कापडाकडे. ज्या बाईनं आयुष्यभर साडी नेसली आहे तिच्या कंबरेवर परकराच्या नाडीचा वळ असतो. 1945 मध्ये मुंबईत डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतर नेसणाऱ्यांच्या कंबरेवर, गाठीच्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद केली. इतकं साधं, इतकं रोजचं वस्त्र, तेही अंगाला बदलत असतं. म्हणून डच कलावंत खाइस बाकर यांचं 1973 चं काम पाहिलं तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. त्यांनी सोन्याची तार दंडाला, कंबरेला, मांडीला घट्ट गुंडाळली आणि काढून टाकली. कातडीवर जो वळ उमटला तोच दागिना. काही वेळानं तो विरून गेला. दागिन्यातलं सोनं काढून टाकलं तर काय उरतं, या प्रश्नाचं त्यांनी अंगावरच उत्तर दिलं. त्यानंतर दोन वर्षांनी, 1975 मध्ये, पेटर स्कुबिक या दुसऱ्या कलावंतानं एक पोलादी तुकडा शस्त्रक्रिया करून हाताच्या कातडीखाली बसवून घेतला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, दिसायचा तो क्ष-किरणांत. 1982 मध्ये तो काढला आणि अंगठीत बसवला. सात वर्षं देहात राहून आलेला धातू तो, सोनाराच्या दुकानात तो कुठून मिळणार?

पण मला सगळ्यांत जवळची वाटली ती जर्मनीची रेबेका हॉर्न. 1960 च्या दशकात ती बार्सिलोनात फायबरग्लास आणि पॉलिएस्टरची शिल्पं करायची, तोंडावर काही न बांधता. विषारी वाफांनी तिची फुप्फुसं गेली. जवळजवळ वर्षभर आरोग्यभवनात खाटेवर. जड काम हातून होणार नाही हे कळल्यावर तिनं खाटेवर बसून शिवायला सुरुवात केली. कापड, पट्ट्या, पिसं, हलकं बाल्सा लाकूड. 1970 च्या सुमारास तिनं एका बाईच्या डोक्यावर उंच पांढरं शिंग बसवलं, ते पांढऱ्या पट्ट्यांनी अंगाला बांधलं, आणि ती बाई पहाटे शेतातून चालत गेली. 1972 मध्ये तिनं हातमोजे केले. त्यांची बोटं इतकी लांब, की उभ्यानं जमिनीला टेकतात. ते घालून ती जमिनीवरच्या वस्तू चाचपायची.

मी हे हातमोजे छायाचित्रातच पाहिले आहेत. तरी ते पाहताना मला खाट दिसते. जिचा हात खाटेच्या कडेपलीकडे जात नाही, तिला लांब बोटं हवीशी वाटतात. जिला मान वर ठेवायची शक्ती उरली नाही, ती डोक्यावर शिंग बांधून मान ताठ ठेवते. आजारानं शरीरात जो बदल केला, त्याच्या मापानं तिनं वस्त्र बेतलं. पुण्याजवळच्या त्या वीटवाल्यानं मेणाचा पत्रा दाबून पाहिला, तसंच. माप आधी जखमेचं घ्यायचं. 2024 मध्ये ती वारली, तेव्हा मी माझ्या वर्गात दुसरं काही शिकवलं नाही.

याउलट एक उदाहरण द्यायला हवं, कारण माझं मन त्याबाबत अजून एका जागी स्थिर नाही. शॉन लीन हा लंडनच्या हॅटन गार्डनमध्ये पारंपरिक सोनारकाम शिकलेला माणूस. अलेक्झांडर मॅकक्वीन या फॅशन डिझायनरसाठी त्यानं आधी मानेची आणि मग, 1999 मध्ये, सगळ्या धडाची वेढ्यांवर वेढे असलेली ॲल्युमिनियमची चोळी केली. मॉडेलच्या अंगाचा साचा घेऊन, एकेक वेढा त्या साच्यावर बसवून, बाजूंना स्क्रू लावून. काम अप्रतिम आहे, हे मी सोनाराची मुलगी म्हणून सांगते. प्रत्येक वेढ्याचा व्यास वेगळा, आणि एकही खोटा नाही. पण त्याची कल्पना जिथून आली त्या बायका कोण? आफ्रिकेतल्या न्देबेले बायका, आणि म्यानमारच्या कायान बायका. कायान मुलीच्या मानेत लहानपणापासून पितळी वेढे चढत जातात. मान लांब होत नाही. वजनानं गळपट्टीची हाडं आणि बरगड्या खाली दबतात, म्हणून ती लांब दिसते. युद्धामुळे पळून थायलंडमध्ये आलेल्या यांतल्या कित्येक जणी पर्यटकांनी तिकीट काढून पाहायची गोष्ट होऊन बसल्या. मॉडेल ती चोळी काही मिनिटं घालते आणि स्क्रू सैल करून मोकळी होते. आकार तिकडून इकडे आला, वजन तिकडेच राहिलं. मला त्या चोळीची भूल पडते आणि त्याच वेळी ही गोष्ट टोचत राहते.

त्याच मॅकक्वीननं सप्टेंबर 1998 मध्ये लंडनच्या आपल्या प्रयोगात एमी मुलिन्स हिला आणलं होतं. पिंढरीच्या एका हाडाशिवाय जन्मलेली, वर्षाची असताना दोन्ही पाय गुडघ्याखाली काढावे लागलेली, 1996 च्या अटलांटा पॅरालिंपिकमध्ये धावलेली मुलगी. तिच्यासाठी ॲश लाकडाचे पाय केले, त्यांवर वेली कोरल्या. प्रेक्षकांतल्या कित्येकांना ते उंच बूट वाटले. इथं मला शंका नाही. ते पाय तिच्याच मापाचे, तिच्याच चालण्यासाठी, आणि त्यांचं लाकूडपण लपवलेलं नाही. लेणं, दोन्ही अर्थांनी.

आपल्याकडचं उदाहरण याहून मोठं आहे. जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिरानं, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर 1960 च्या दशकाअखेरीस रबराचं असं पाऊल केलं की माणूस अनवाणी चालेल, उकिडवा बसेल, शेतात चिखलात उतरेल. पुन्हा कारागीर. मुंबईच्या सुधा चंद्रन यांचा पाय 1981 च्या अपघातानंतर काढावा लागला. जयपूर पाय लावून त्या शिकत राहिल्या आणि 1984 मध्ये मुंबईत पुन्हा भरतनाट्यम् नाचल्या. त्यांना मिळालेला पुरस्कार, त्यांच्या आयुष्यावरचा चित्रपट, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मी फक्त एका गोष्टीकडे पाहायला सांगते. त्या पायात चाळ बांधले होते. चाळ हा जिवंत घोट्यासाठी बेतलेला दागिना आहे. त्याचा नाद टाचेच्या आघातातून येतो, आणि नर्तकी तो पायाच्या हाडातून ऐकते. ज्या पायाला काही जाणवत नाही त्या पायाचा ताल जमवायचा, तर तो वर, उरलेल्या अंगात कुठेतरी ऐकावा लागतो. त्या बाईनं चाळ ऐकायची जागाच बदलली.

शरीरातले सगळेच बदल माणूस स्वतः निवडत नाही, हे मी विसरलेले नाही. गोंदण सात वर्षांच्या आजीला विचारून झालं नव्हतं. ओट्यावरच्या बाळांनाही कुणी विचारत नसे. आणि आपल्याच महाराष्ट्रात विधवेचं केशवपन होत होतं. तोही देहातला बदलच, तिच्या मनाविरुद्ध, तिला कुरूप करण्यासाठी केलेला. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांनी ठरवलं की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. मला या गोष्टीत वस्तऱ्याचं काय झालं, ते महत्त्वाचं वाटतं. शास्त्र तेच होतं, घर तेच होतं, सासरे तेच होते. हत्यार ज्याच्या हातात तो थांबला. दागिना घडवणाऱ्या, सुई धरणाऱ्या, अंग बेतणाऱ्या प्रत्येकाकडे हा नकार असतो. माझ्या वडिलांनी शेवटच्या वर्षांत तान्ह्या मुलांचे कान टोचणं बंद केलं. पाच-सहा वर्षांचं मूल आलं की ते त्याला समोर बसवून तार दाखवायचे, बोटाला हळूच टोचून दाखवायचे आणि विचारायचे, हवंय का. काही मुलं उठून जायची. गिऱ्हाईक कमी झालं, आई कुरकुरली, ते बदलले नाहीत.

माझ्या एका मावशीच्या दोन्ही पाळ्या तिशीतच फाटल्या होत्या. झुबे जड होते, आणि सासरी ते रोज घालायची सक्ती. त्यानंतर चाळीस वर्षं तिनं केस कानांवर ओढूनच घेतले. शिवून घे असं कितीदा सांगितलं. ती नको म्हणायची, आता पुन्हा सुई नको. गेल्या वर्षी मी तिच्या कानांचं माप घेतलं, मेणानंच. सोन्याची एक तार केली. ती कानाच्या वरच्या मुळाशी मागून वळसा घेते, म्हणजे सगळं वजन तिथं राहतं. मग पाळीच्या फाटलेल्या भागातून खाली येते आणि दोन्ही तुकड्यांच्या मधल्या फटीत एक मोती थांबतो. कुठेही टोचायचं नाही. फट झाकायची नाही.

मावशीनं ते आधी तळहातावर घेतलं आणि हात वरखाली करून पाहिला. सोनाराच्या घरात वाढलेली ती.

“किती?” तिनं विचारलं.

“मोत्यासकट दोन ग्रॅम.”

तिनं केस मागे घेतले, खिडकीकडे तोंड केलं आणि आरसा न मागता ते स्वतःच्या हातानं घातलं.